चिऱ्याची भिंत दरवर्षी झडते, रंग दरवर्षी फुगतो: कारण कुठे शोधायचं, दुरुस्ती कशी करायची

कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांबद्दल सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार साधारण अशी असते. घर चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाचं. पावसाळा संपला की भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंग फुगतो, पोपडे सुटतात आणि पोपड्याच्या मागे पांढरी भुकटी निघते. जिथे चिरा उघडा ठेवलाय तिथे जोत्यावर लाल भुगा साचतो. झाडून काढला तरी दोन दिवसांनी पुन्हा तेवढाच. दिवाळीच्या आधी भिंत घासायची, पुट्टी भरायची, रंगाचे दोन हात मारायचे आणि पुढच्या ऑक्टोबरात परत तेच. मग कोणीतरी सुचवतं, "वॉटरप्रूफिंग करून टाका". ते केल्यावर दोन वर्षं बरी जातात आणि तिसऱ्या वर्षी दगडाचा अख्खा पापुद्राच रंगासकट हातात येतो.

दगड वाईट निघाला असं यात क्वचितच असतं. भिंतीत पाणी येतंय आणि बाहेर पडायच्या वाटा आपणच बुजवल्यात, हे मूळ दुखणं. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी पाणी, मग मीठ, मग दर्जा (दगडांमधल्या सांध्यांची भरण) आणि गिलावा. लेपाचा विचार सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक घरांत तिथपर्यंत जायची वेळच येत नाही.

चिरा झडतो म्हणजे नक्की काय होतं

जांभ्याचा सांगाडा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा. त्यात भोकं, नळ्या, पोकळ्या, आणि त्या पोकळ्यांत पांढरी-पिवळी चिकणमाती. खाणीतून निघताना दगड मऊ असतो, हवा-ऊन लागलं की कडक होतो. ईस्ट इंडिया कंपनीसाठी पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅननने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या वर्णनात हेच नोंदवलं: खणताना लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि थोड्याच काळात विटेसारखा टणक होतो. आपल्याकडे यावरून एक समजूत पक्की झालीय की चिरा जितका जुना तितका घट्ट, त्याला काही करावं लागत नाही.

ही समजूत अर्धीच खरी आहे. कडक होतो तो लोहाचा सांगाडा. पोकळ्यांतली माती आयुष्यभर मातीच राहते. पावसाची झड सतत लागली की ती धुऊन जाते, मागे पातळ लाल भिंती उरतात आणि त्या तुटतात. जोत्यावरचा भुगा तो हाच. आता खाणीवर मशीनने चिरा कापतात, त्यामुळे पृष्ठभाग सपाट आणि देखणा मिळतो, पण कापलेल्या तोंडावर मातीने भरलेली सगळी भोकं उघडी पडलेली असतात.

दगड पाणी किती पितो हेही बघण्यासारखं आहे. भारतीय मानक आयएस ३६२० नुसार बांधकामाच्या जांभ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये आणि त्याची दाबशक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन असावी. म्हणजे २५ किलोचा चिरा मानकात बसूनसुद्धा तीन लिटर पाणी पोटात घेऊ शकतो. नवीन चिरा विकत घेताना दोन-चार दगड पूर्ण सुकवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, वरचं पाणी पुसून पुन्हा वजन करा. अगदी हलके, पांढऱ्या मातीचे मोठे डाग असलेले चिरे परत पाठवायला हेच कारण पुरतं.

पाणी कुठून येतंय: खुणा वाचा

भिंतीपासून चार पावलं मागे उभं राहा आणि डाग किती उंचीपर्यंत आहे ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

घराभोवती सगळीकडे जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, वरची कड लाटेसारखी: जमिनीतली ओल वर चढतेय. फक्त बाहेरून, खालच्या फूट-दीड फुटात, मातीच्या शिंतोड्यांसकट: पागोळीचं पाणी आपटून उडतंय. छताखाली, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात किंवा पन्हळीच्या नळाच्या रेषेत: पाणी वरून येतंय. पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची भिंत वरपासून खालपर्यंत काळवंडलीय आणि बाकीच्या बऱ्या आहेत: झड. एकाच जागी, बाराही महिने ओला पट्टा: न्हाणीघराची किंवा टाकीची पाइपलाइन तपासा, दगडाकडे नंतर बघू.

शंका राहिली तर एक साधी चाचणी आहे. फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीच्या बाजूला जमलं तर ती हवेतली दमट वाफ आहे, आणि मग उपाय खिडकी उघडण्याचा आहे. गिलावा बोटाच्या पेराने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर तो दगडापासून सुटलाय.

पांढऱ्या भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर तो चुना, दगडाच्या दृष्टीने फारसा धोक्याचा नाही. बुडबुडे नाहीत पण भुकटी पाण्यात चटकन विरघळली, तर ती क्षारांची म्हणजे लोणा. गोठ्याची भिंत, खताची पोती रचलेली भिंत, जुन्या शौचकुपाच्या शेजारची भिंत इथे हा लोणा हमखास सापडतो, कारण मूत्रातले आणि खतातले नायट्रेट जमिनीतून भिंतीत जातात. खाडीची रेती न धुता वापरली असेल तर मीठ बांधतानाच भिंतीत भरलेलं असतं.

पावसाळ्यात भिंत गप्प आणि ऑक्टोबरात का बोलते

लोकांना याचं नवल वाटतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता जवळपास सतत त्याच्या वर. म्हणून पावसाळ्यात भिंत नुसती ओलसर, गडद दिसते. पांढरं काही नसतं. ऑक्टोबरची उन्हं पडली की पाणी उडून जातं आणि मीठ दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतं. स्फटिकाला वाढायला जागा लागते, ती नसली की तो छिद्राच्या भिंतीवर दाब देतो. मिठाचं हे विरघळणं आणि गोठणं जितक्या वेळा होतं तितका दगड आतून सैल होत जातो.

स्फटिक कुठे तयार होतात यावर सगळं अवलंबून आहे. पृष्ठभागावर झाले तर पांढरी बुरी दिसते, ब्रशने झटकली की गेली. पृष्ठभाग प्लास्टिक पेंटने, सिमेंटने किंवा वॉर्निशने बंद असेल तर ते त्याच्या मागे, दगडाच्या आत होतात आणि तिथूनच पापुद्रा उचकटतात. पांढरी बुरी दिसते म्हणून घाबरून तिच्यावर लेप मारणं म्हणूनच उलटं पडतं.

पाण्याचा बंदोबस्त

जुन्या घरांना एवढा त्रास का नव्हता, याचं उत्तर बरंचसं छपरात आहे. मंगलोरी कौलांच्या छपराची पडवी भिंतीच्या पुष्कळ बाहेर यायची आणि भिंतीला थेट पाऊस लागायचाच नाही. जिथे लागायचा तिथे पावसाआधी झावळ्यांची झापं विणून बांधायचे. स्लॅबच्या घराला फूट-दीड फुटाचा छज्जा असतो, कधी तोही नसतो. अशा घराला पश्चिमेच्या बाजूने पत्र्याची किंवा कौलांची पडवी काढणं हा माझ्या मते कुठल्याही रसायनापेक्षा चांगला खर्च आहे. असलेल्या छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच आहे का बघा. नसेल तर पाणी कडेवरून आत वळून भिंतीवर उतरतं.

दुसरं अंगण. शेणाने सारवलेल्या मातीच्या अंगणातून जमिनीतली वाफ उडून जायची. आता जोत्याला घासून पेव्हर ब्लॉक किंवा कोबा केला जातो, वर दोन-तीन वेळा भर घालून पातळी जोत्याच्या तोंडापर्यंत येते. खालच्या ओलीला वर जायला भिंतीशिवाय जागाच उरत नाही. भिंतीलगतचा दीड-दोन फुटांचा पट्टा उखडून काढा, जोत्याच्या पातळीखाली सहा-आठ इंच खोदा, तळाला घरापासून दूर उतार द्या आणि खडी भरा. पागोळी खडीवर पडली तर शिंतोडेही उडत नाहीत. एवढ्या एका कामाने बऱ्याच घरांची निम्मी तक्रार मिटते, आणि त्याला गडीमाणसाच्या मजुरीपलीकडे फारसा खर्च नाही.

आतून ओल दिसते म्हणून तीन फुटांपर्यंत टाइल्स लावायची पद्धत पडलीय. टाइलमागे पाणी सुकत नाही, ते आणखी वर चढतं आणि पुढच्या वर्षी टाइलच्या वरच्या कडेला तोच पट्टा उमटतो. टाइल्स लावून झाल्या असतील आणि वर पट्टा आला असेल तर टाइल्स काढाव्याच लागतील, दुसरा मार्ग नाही.

मीठ काढणं

मिठाची भुकटी कोरडीच झाडायची. मऊ ब्रशने झाडून सुपड्यात भरा आणि लांब फेकून द्या. जोत्याशी ढकललीत तर पहिल्या पावसात तीच परत आत जाईल. पाण्याने धुतलंत तर मीठ विरघळून आणखी खोल शिरतं. मीठ फार असेल तर लगद्याचा लेप देता येतो: न छापलेल्या कागदाचा लगदा किंवा स्वच्छ चिकणमाती क्षार नसलेल्या पाण्यात कालवून पाऊण इंच जाड थापायची आणि पूर्ण सुकू द्यायची. सुकताना मीठ त्यात ओढलं जातं. लगदा सुटायला लागला की काढून टाका, पुन्हा द्या. बोअरचं पाणी यासाठी चालत नाही, त्यात आधीच क्षार असतात. आणि पाण्याची वाट बंद करण्याआधी हे करण्यात अर्थ नाही.

सिमेंट उतरवून चुना

चिरा नरम, सिमेंट टणक. दर्जा सिमेंटच्या असतील तर पाणी सांध्यातून सुकू शकत नाही, ते दगडातून सुकतं आणि मीठही दगडातच बसतं. वीस-तीस वर्षांनी दिसणारं चित्र ओळखीचं आहे: सिमेंटच्या दर्जा जाळीसारख्या पुढे उभ्या आणि त्यांच्या मधले चिरे दोन-दोन इंच आत गेलेले. गिलाव्याचंही तसंच. सिमेंटला सुकताना बारीक भेगा पडतात, त्यातून झडीचं पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला तेवढ्याशा भेगा पुरत नाहीत.

म्हणून सिमेंटचा गिलावा सुटला असेल तेवढा काढा. इथे घाई नको. छोट्या छिन्नीने हातभर जागेत आधी करून बघा. बद्द वाजणारा भाग सहज निघतो. घट्ट बसलेला भाग काढताना चिऱ्याचं तोंडच उखडत असेल तर तो तसाच राहू द्या. काढण्याने होणारं नुकसान जास्त आहे. दर्जा सांध्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोल मोकळ्या करा. ग्राइंडर वापरू देऊ नका, तो सांधा सोडून दगडात शिरतो.

मग भिंत सुकू द्या. जाडीच्या दर इंचाला एक महिना असा ठोकताळा आहे. तेवढं थांबणं सगळ्यांना जमत नाही हे मान्य, पण निदान डिसेंबरपर्यंत तरी थांबा. डिसेंबर ते मार्च हा चुन्याच्या कामाचा काळ. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला महिने लागतात. मेमध्ये केलेलं काम जूनच्या पहिल्या झडीत धुऊन जाईल आणि दोष चुन्यावर येईल.

चुना कुठला? कळीचा (भाजलेला, अजून न विरवलेला) चुना मिळाला आणि तो विरवणारा, म्हणजे पाणी घालून फोडणारा, माहीतगार माणूस असेल तर उत्तम. विरवताना तो उकळतो, उडतो, डोळ्याला चष्मा आणि हातात मोजे लागतातच. विरलेला चुना काही आठवडे पाण्याखाली ठेवला की लोण्यासारखा होतो. पिशवीतली ताजी फक्की घेतलीत तर किमान एक रात्र भिजवून वापरा. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग धुतलेली, चाळलेली नदीची रेती. भिंत आधी पाणी शिंपडून ओली करा. एका थराची जाडी अर्ध्या इंचाच्या आत ठेवा, पहिला थर बसल्यावर दुसरा. आठ-दहा दिवस ओलं गोणपाट टांगून थर सावकाश सुकवा. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायची जुनी रीत चांगली आहे, पण ती जाणणाऱ्याच्याच हातून करून घ्या; ऐकीव प्रमाणावर घातलेला गूळ बुरशीला खाद्य होतो.

वरून चुन्याच्या निवळीचे तीन-चार पातळ हात. प्लास्टिक इमल्शन नको, पुट्टीही नको, नाहीतर एवढं करून दार पुन्हा बंद.

हा गिलावा कायमचा टिकायला नसतो, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. मीठ त्यात येऊन बसेल, काही वर्षांनी तो खालच्या बाजूला झडेल, तेवढाच काढून पुन्हा करायचा. झिजायचं ते गिलाव्याने, दगडाने नाही. दर उन्हाळ्यात निवळी देण्याची पद्धत याच हिशेबावर उभी होती.

उघडाच चिरा हवा असेल तर

लाल चिरा उघडा दिसला की घर कोकणी वाटतं, असं सध्या हॉटेलवाल्यांनी आणि आर्किटेक्टांनी ठरवून टाकलंय. जुनी घरं नीट बघितलीत तर बहुतेकांच्या चिऱ्यावर गिलावा आणि चुना सापडतो. उघडा चिरा गडग्याला, विहिरीला, मांगराला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बासिलिकाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १५९४ मध्ये बांधायला सुरुवात झाली, १६०५ मध्ये अभिषेक झाला, आणि साडेतीन शतकं तिच्या चिऱ्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या वास्तुरचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांच्या कामात तो उतरवला गेला. तेव्हापासून भिंती पाऊस अंगावर घेतायत आणि चिरा झिजतोय. पुन्हा गिलावा करावा की लोकांना ओळखीचं झालेलं लाल रूप राखावं, यावर गोव्यात गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे. शेजारचं से कॅथेड्रल पांढऱ्या गिलाव्यात आहे. दोन्ही इमारती एकाच फेरीत बघता येतात, आणि जो तो आपलं मत बनवू शकतो. माझं मत गिलाव्याच्या बाजूने आहे.

तरीही उघडाच ठेवायचा असेल तर तो पडवीच्या आत, पाऊस न लागणाऱ्या भिंतींना ठेवा. बाहेर ठेवायचाच असला तर दाट, कमी भोकांचा चिरा निवडा, खाणीतून आणल्यावर काही महिने उघड्यावर राहू द्या, आणि दर्जा चुन्याच्या करा.

वॉर्निश आणि पाणीरोधक लेप

चकचकीत वॉर्निशबद्दल फार बोलण्यासारखं नाही: लावू नका. पहिल्या पावसानंतर ते आतून दुधाळ होतं, मग सालासारखं सुटतं आणि सोबत दगड नेतं.

सिलेन-सिलॉक्सेन जातीचे लेप वेगळे. ते छिद्रं बुजवत नाहीत, छिद्रांच्या भिंतींना पाणी न चिकटेल असं करतात. वाफ बाहेर जाऊ शकते. पण विरघळलेलं मीठ वाफेबरोबर जात नाही. खालून किंवा मागून ओल येत असेल तर पाणी लेपाच्या मागच्या हद्दीपर्यंत येतं, तिथे वाफ होतं आणि मीठ नेमकं त्या रेषेवर साठतं. मग पापुद्रा त्या रेषेवरूनच सुटतो. सुरुवातीला सांगितलेलं "तिसऱ्या वर्षी हातात आलं" ते हेच. भिंत कोरडी, मीठ नाही, दर्जा धड, आणि त्रास फक्त झडीचा, अशा एखाद्या भिंतीला हा लेप उपयोगी पडतो. एकदा लावला की काढता येत नाही आणि त्यावर चुन्याचा गिलावाही नीट धरत नाही, त्यामुळे आधी मागच्या बाजूच्या हातभर जागेत लावून दोन पावसाळे बघा.

शेवाळ, पिंपळ आणि ॲसिड

शेवाळाने भिंत काळी-हिरवी होते, पण त्याने दगड लगेच पडत नाही. ते पाणी कुठे साचतंय ते दाखवतं, एवढा त्याचा उपयोग करून घ्या. डिसेंबरात सुकल्यावर नायलॉनच्या ब्रशने निघतं. तारेचा ब्रश आणि गाड्या धुवायचा प्रेशर पंप दोन्ही चिऱ्याच्या तोंडावरची माती उडवून नेतात. ॲसिडने भिंत धुऊन देणारे लोक आठवडाभरासाठी लालभडक भिंत देतात. ॲसिड दर्जांमधला चुना खातं आणि मागे क्लोराईड सोडतं, म्हणजे पैसे देऊन मीठ भरून घेतल्यासारखं. ब्लीचिंग पावडरचंही तेच.

सांध्यात मूळ धरलेलं पिंपळ-उंबराचं रोप ओढू नका, मुळाबरोबर चिरा हलतो. कोवळं असेल तर लगेच काढा. मूळ जाड झालं असेल तर बुंधा कापून तो मरेपर्यंत फुटवे खुडत राहा, आणि मूळ कुजून राहिलेली पोकळी चुन्याने भरा.

गवंड्याशी बोलताना

एक वाक्य ऐकावं लागणारच: "चुन्यात थोडं सिमेंट टाकूया, पकड चांगली येईल." मूठभर सिमेंट टाकलेला चुना धड सिमेंट होत नाही आणि धड चुनाही राहत नाही. ओलसर जागी चुना लवकर बसावा अशी खरी गरज असेल तर सुरखी घाला, म्हणजे नीट भाजलेल्या विटेची बारीक भुकटी. चुन्याबरोबर ती ओलीतही घट्ट होते.

चिरा दीड-दोन इंचांपेक्षा जास्त आत गेला असेल तर नुसता गिलावा थापून खळगा बुजवू नका, जाड थर स्वतःच्या वजनाने सुटतो. चुना आणि जांभ्याच्या भुकटीत चिऱ्याच्या कपच्या दाबून थराथराने भरा, किंवा तो चिरा काढून त्याच मापाचा दुसरा बसवा. एका वेळी एकच काढायचा, शेजारचा नंतर. आणि भिंत पोटाकडे फुगलेली दिसत असेल, किंवा भेग खालून वर रुंद होत गेली असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.